पाच वादक आणि चारच प्रीॲम्प: घरगुती स्टुडिओतल्या एका बँडचं प्रकरण

पार्श्वभूमी

पाच जणांचा बँड. ड्रम्स, बेस, दोन इलेक्ट्रिक गिटार आणि कीबोर्ड. गायक म्हणजे दोनपैकी एक गिटारवादक. स्वतःची चार गाणी बसवलेली होती आणि ती एका ओळखीच्या रेकॉर्डिस्टच्या घरातल्या खोलीत मुद्रित करायची ठरली. खोली ४.८ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद, छत २.७ मीटरवर. लागून दार असलेली एक लहान खोली होती, ती सामान ठेवायला वापरली जायची.

ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या पेटीच्या, खोक्यावर ‘८ इनपुट’ असं छापलेलं होतं. ते खरंही होतं, पण पुढच्या बाजूच्या चारच इनपुटना माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणारे माइक प्रीॲम्प होते. मागची चार नुसती लाइन इनपुट. माइकमधून निघणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि लाइन इनपुटला साधारण एक व्होल्ट लागतो, त्यामुळे माइक थेट मागे जोडून काहीच हाती लागत नाही. इंटरफेसला ऑप्टिकल इनपुट नव्हतं. फँटम पॉवरची, म्हणजे कंडेन्सर माइकला लागणाऱ्या ४८ व्होल्टच्या विजेची, बटणं दोन होती: एक इनपुट १ व २ साठी, दुसरं ३ व ४ साठी.

याशिवाय सहा प्रीॲम्पचा एक जुना ॲनालॉग मिक्सर, चार जणांना पुरणारा हेडफोन ॲम्प्लिफायर, किक ड्रमचा एक डायनॅमिक (फँटम न लागणारा) माइक, तीन एसएम५७ आणि गाण्यासाठी एक एसएम५८ (हेही डायनॅमिक माइकच), छोट्या डायफ्रॅमच्या (पडद्याच्या) कंडेन्सर माइकची जोडी आणि मोठ्या डायफ्रॅमचा एक कंडेन्सर. ड्रमकिट चार नगांचा: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (खाली तारा असलेला), एक रॅक टॉम, एक फ्लोअर टॉम; सोबत हाय-हॅट, क्रॅश आणि राइड या झांजा.

अडचण

पहिल्या खेपेला सगळ्यांनी एकाच खोलीत, एकाच वेळी, तालमीसारखं वाजवलं. चार प्रीॲम्पवर किक, स्नेअर आणि दोन ओव्हरहेड, म्हणजे किटच्या वरून सगळं ऐकणारे माइक. बाकी सगळं मिक्सरमध्ये. दोन गिटार ॲम्पसमोरचे माइक मिक्सरच्या डाव्या आउटपुटवर, तर बेस, कीबोर्ड आणि गाणं उजव्या आउटपुटवर. मिक्सरची ही दोन आउटपुटं इंटरफेसच्या लाइन इनपुट ५ आणि ६ मध्ये. लाइन ७ आणि ८ रिकामीच राहिली, कारण मिक्सरमधून आणखी काही बाहेर काढता येतं हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

वाजवताना मजा आली, ऐकताना नाही. ट्रॅक ६ वर बेस, कीबोर्ड आणि गाणं एकजीव झालं होतं. गायकाचा सूर दोन जागी उतरलेला, पण तेवढं गाणं बदलायचं तर त्याच्याबरोबर बेसही जाणार. कीबोर्ड मोठा हवा म्हटलं की गाणंही मोठं होणार. दोन-तीन वाद्यांचा समतोल वाजवण्याआधी, तोही खोलीत ड्रम्स धडाडत असताना हेडफोनवर ठरवलेला, आणि तो कायमचा गोठलेला.

दुसरी गोष्ट ब्लीडची, म्हणजे एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरण्याची. गिटार ॲम्प ड्रमपासून दोन मीटरवर होते, त्यामुळे दोन्ही ओव्हरहेडमध्ये गिटार जवळजवळ झांजांइतकीच ऐकू येत होती. गिटारचा स्वतःचा ट्रॅक बंद केला तरी गिटार वाजतच राहायची. बेस ॲम्पच्या खर्जाने स्नेअरच्या खालच्या तारा झणझणत होत्या. शांत जागी, जिथे ड्रमवादक थांबलेला, तिथे ही झणझण सगळ्यात ठळक.

तिसरी अडचण उशिरा लक्षात आली. स्नेअर पोकळ वाटत होता. डावा ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून ९५ सेंटिमीटरवर, उजवा १२२ वर होता. फरक २७ सेंटिमीटरचा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एकच ठोका दुसऱ्या माइकला ०.७९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही माइक एकत्र वाजले की साधारण ६३५ हर्ट्झला आवाज एकमेकांना खातो, पुन्हा १९०० हर्ट्झच्या आसपास खातो, आणि असंच पुढे. स्टीरिओत हे थोडं लपतं. मोबाइलच्या एकाच स्पीकरवर लपत नाही.

किक ड्रम लांबपर्यंत घुमत होता, याचं कारण खोलीत होतं. २.७ मीटर उंचीचं छत आणि जमीन यांच्यामध्ये ६३.५ हर्ट्झची उभी लहर, म्हणजे दोन्हींमध्ये अडकून घुमत राहणारा आवाज, तयार होते. किकची तळाची कंप्रता बहुधा याच परिसरात असते. अशा लहरीचा दाब जमिनीलगत सर्वाधिक असतो, आणि किक व त्याचा माइक दोन्ही जमिनीलगतच. किट खोलीत कुठेही सरकवला तरी छताची उंची बदलत नाही, त्यामुळे ‘किट जरा तिकडे घेऊन बघू’ हा नेहमीचा उपाय इथे चालणार नव्हता.

समोरचे पर्याय

दुसरा इंटरफेस उसना आणून जोडायचा, हा विचार सगळ्यात आधी पुढे आला. त्यातली अडचण घड्याळाची. प्रत्येक इंटरफेस आवाजाचे नमुने किती वेगाने घ्यायचे हे स्वतःच्या क्रिस्टलवर ठरवतो आणि दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत ३० भागांचा फरक धरला तरी साडेचार मिनिटांच्या गाण्यात तो ८ मिलिसेकंदांच्या वर जातो. गाण्याच्या सुरुवातीला जागेवर असलेला माइक शेवटी पावणेतीन मीटर मागे सरकावा, असा तो परिणाम. एकाच ड्रमकिटचे माइक दोन इंटरफेसमध्ये विभागले तर फेज, म्हणजे लहरींची एकमेकांशी जुळणी, गाणंभर फिरत राहते. मॅकवर दोन उपकरणं एकत्र करून हा फरक सतत दुरुस्त करायची सोय आहे, विंडोजवरचे एएसआयओ (ऑडिओ उपकरणांचा ड्रायव्हर) वापरणारे प्रोग्रॅम बहुधा एका वेळी एकच उपकरण घेतात. इथला संगणक विंडोजचा होता. दोन्ही इंटरफेसना डिजिटल क्लॉकचं इनपुट-आउटपुट असतं तर मामला वेगळा होता. उसन्या इंटरफेसला ते नव्हतं.

आठ प्रीॲम्पचं वेगळं युनिट ऑप्टिकल तारेने जोडायचं, हा सर्वांत सरळ रस्ता. ॲडॅट पद्धतीत एका तारेतून ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनेल येतात. पण त्यासाठी इंटरफेसच बदलावा लागला असता, म्हणून तो सोडला.

प्रत्येक वाद्य एकेक करून क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यावर, मुद्रित करणं तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सुरक्षित होतं. चार प्रीॲम्प मग भरपूर झाले असते. इथे बँडचा स्वभाव आड आला. बेसवादक आणि ड्रमवादक एकमेकांकडे बघून वाजवतात. दोन गाण्यांत कडव्यातून ध्रुवपदात जाताना लय किंचित चढते आणि ती चढण दरवेळी थोडी वेगळी असते. ड्रमवादकाला एकट्याला हेडफोनवर बसवून तालीम घेतली, तेव्हा हात बरोबर पडत होते पण वाजवणं कोरडं झालं होतं. हे नुसतं कानाने ठरवलेलं मत आहे, तरी पाचही जणांचं एकच होतं.

फक्त ड्रम्ससाठी उंच छताचा मोठा स्टुडिओ एक दिवस भाड्याने घ्यावा, अशीही सूचना आली. सूचना चांगली होती. मात्र त्यासाठी चारही गाण्यांची रचना आधी पक्की हवी, आणि दोन गाण्यांचे शेवट अजून बदलत होते. दिवस ठरवून आत गेल्यावर शेवटावर चर्चा करत बसणं महागात पडतं.

उरला तो मधला मार्ग: ताल धरणारी दोन वाद्यं, म्हणजे ड्रम्स आणि बेस, एकत्र वाजवून कायमची मुद्रित करायची. बाकीच्यांनी सोबत वाजवायचं, पण त्यांचं वाजवणं नुसतं दिशा दाखवायला. गिटार आणि गाणं नंतर डब करायचं, म्हणजे या मुद्रणावर वेगळं वाजवून-गाऊन भरायचं.

निर्णय आणि इनपुटची वाटणी

मधला मार्ग निवडल्यावर खरं काम कागदावर झालं. प्रत्येक आवाजाबद्दल आधी हे ठरवलं की तो आत्ताच, याच वेळी वाजणं गरजेचं आहे का. आणि असेल तर तो शेवटच्या मिक्समध्ये राहणार आहे का. दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच स्वतंत्र ट्रॅक. वाजणं गरजेचं, पण राहणार नाही, असे आवाज एकत्र कोंबले तरी चालतात. या कसोटीवर पहिल्या खेपेची चूक स्पष्ट दिसली: तेव्हा राहणारा बेस आणि बदलणारं गाणं एका ट्रॅकवर टाकलं होतं.

मिक्सरच्या इन्सर्ट जॅकमुळे अडकलेली गाडी सुटली. या मिक्सरच्या पहिल्या चार चॅनेलना मागे इन्सर्ट होते, म्हणजे चॅनेलमधला सिग्नल मध्येच बाहेर काढून परत आत घेण्याची भोकं. त्यात साधा मोनो जॅक पहिल्या ‘टक’पर्यंतच खुपसला की प्रीॲम्पनंतरचा सिग्नल बाहेर मिळतो आणि चॅनेलही चालू राहतो. पूर्ण आत ढकलला तर सिग्नल बाहेर मिळतो, पण पुढे मिक्सरच्या मुख्य आउटपुटकडे जाणं थांबतं. सगळ्या मिक्सरांत आतली जोडणी अशीच असते असं नाही. काहींत टिप (जॅकचं टोक) आणि रिंग (त्यामागचं कडं) उलटी असतात, तेव्हा आपल्या मिक्सरची माहितीपुस्तिका बघूनच जॅक लावावा. अर्धवट लावलेला जॅक हलला की कडकड येते. म्हणून इथे पूर्ण आत ढकलायचा पर्याय घेतला, कारण इथून घ्यायचे दोन आवाज, बेस आणि फ्लोअर टॉम, मिक्सरच्या मुख्य आउटपुटवर नकोच होते. इन्सर्टचा सिग्नल अनबॅलन्स्ड असतो, म्हणजे लांब तारेत बाहेरची घरघर पकडतो, म्हणून तारा दीड मीटरच्या ठेवल्या. त्या ठिकाणी सिग्नल फेडर (आवाजाची सरकपट्टी) आणि ईक्यूच्या (कंप्रतेनुसार आवाज कमीजास्त करण्याच्या) आधीचा असतो, म्हणजे सांभाळायचा तो फक्त गेन, प्रीॲम्प सिग्नल किती मोठा करतो ते.

शेवटची वाटणी अशी ठरली:

इनपुट १: किक, डायनॅमिक माइक.
इनपुट २: स्नेअर, एसएम५७.
इनपुट ३ आणि ४: दोन कंडेन्सर, ड्रमकिटसाठी.
लाइन ५: बेस, डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल माइकच्या इनपुटला जुळवणारा डबा) मिक्सरच्या प्रीॲम्पवर, तिथून इन्सर्टने.
लाइन ६: फ्लोअर टॉम, एसएम५७, त्याच मार्गाने.
लाइन ७: मिक्सरचं डावं आउटपुट, फक्त पायलट (दिशा दाखवणारं) गाणं.
लाइन ८: मिक्सरचं उजवं आउटपुट, दोन्ही गिटार आणि कीबोर्ड एकत्र, पायलट म्हणून.

कंडेन्सर ३ आणि ४ वर ठेवल्यामुळे ४८ व्होल्टचं एकच बटण चालू करावं लागलं. डायनॅमिक माइकला चांगल्या बॅलन्स्ड तारेवर फँटमने काही होत नाही, पण वापरात नसलेलं बटण बंद असलेलंच बरं.

कीबोर्डसाठी ऑडिओ ट्रॅक राखायची गरजच नव्हती. त्याची यूएसबी तार थेट संगणकाला जोडून मिडी, म्हणजे कोणती पट्टी कधी दाबली याची नोंद, मुद्रित केलं आणि ऐकण्यापुरता आवाज मिक्सरमध्ये दिला. वादकाने जे वाजवलं ते सगळं, कोणत्या जोराने दाबलं त्यासकट, एकही इनपुट न खाता मिळालं.

पायलट गाणं वेगळ्या ट्रॅकवर ठेवण्यावर थोडी घासाघीस झाली. ती जागा रॅक टॉमला द्यावी असं ड्रमवादकाचं म्हणणं. रेकॉर्डिस्टचं म्हणणं, दिशा दाखवायला गायलेल्या गाण्यात एखादी ओळ पुन्हा साधत नाही अशी लागते. ती हाताशी असावी. गाण्याला जागा मिळाली. याचा हिशेब पुढे आलाच आहे.

प्रत्यक्ष काम

गिटार ॲम्प खोलीतून बाहेर गेले. दोन्ही गिटार मॉडेलर पेडलमधून (ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारं उपकरण) थेट मिक्सरमध्ये. बेस ॲम्प बंद. खोलीत प्रत्यक्ष वाजणारं एकच वाद्य उरलं, ते म्हणजे ड्रम्स; बाकी सगळे हेडफोनवर. तारांची झणझण आणि गिटारचं ब्लीड एकाच फटक्यात गेलं. गायक दोन खोल्यांमधल्या दारात उभा राहिला, एसएम५८ तोंडासमोर ठेवून, ड्रमकडे पाठ न करता. ड्रमवादकाला तो दिसणं आवश्यक होतं.

ओव्हरहेडसाठी ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी घेतली, कारण ती कमी माइकवर उभी आहे. एक कंडेन्सर स्नेअरच्या वर, मध्यापासून १ मीटर, खाली तोंड करून. दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, त्याच्या कडेपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर उंच, फ्लोअर टॉमवरून स्नेअर आणि हाय-हॅटकडे रोखलेला. त्याचंही अंतर स्नेअरच्या मध्यापासून बरोबर १ मीटर. अंतर मोजायला टेपपेक्षा सुतळी सोयीची: एक टोक ड्रमवादकाने स्नेअरच्या मधोमध बोटाने दाबायचं, दुसरं एका माइकच्या तोंडाशी नेऊन तिथे गाठ मारायची, आणि तीच गाठ दुसऱ्या माइकपर्यंत फिरवायची. किकच्या ठोक्याच्या जागेपासूनही दोन्ही माइक शक्य तितके समान ठेवले. ते पूर्ण जमत नाही. ४ सेंटिमीटरचा फरक राहिला आणि तो तसाच सोडला.

किटच्या वर छताला १२० बाय ६० सेंटिमीटरचे, १० सेंटिमीटर जाडीचे खनिज लोकरीचे दोन पॅनेल टांगले. त्याने झांजांचा चरचराट बसला. ६३ हर्ट्झच्या घुमण्याला मात्र १० सेंटिमीटर जाडी पुरत नाही. त्यासाठी किकच्या आत उशी, पुढच्या चामड्याला स्पर्श होईल अशी, आणि चामडं अर्धा फेरा सैल. घुमणं लहान झालं, गेलं नाही. उरलेलं मिक्समध्ये त्या कंप्रतेवर अरुंद ईक्यू लावून ३ डेसिबल उतरवलं.

पोलॅरिटीची, म्हणजे लहर सरळ येते की उलटी याची, तपासणी टेक घेण्याआधीच केली, प्रत्येक माइकची ओव्हरहेडशी जोडी लावून, मोनोत. किक उलटा करून ऐकला, सरळ चांगला. फ्लोअर टॉम उलटा करताच भरदार झाला. म्हणजे त्याची पोलॅरिटी ओव्हरहेडच्या विरुद्ध होती, आणि नंतर कळलं की त्या एक्सएलआर तारेत दोन आणि तीन नंबरच्या पिना उलट डाखवलेल्या होत्या. तार बदलली. अशी तार ओव्हरहेडला लागली असती, तर मोनोत किकचा तळच निघून गेला असता.

पातळी: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत जोरकस ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास. वादक तपासणीच्या वेळी हातचं राखून वाजवतात आणि लाल दिवा लागला की जोर चढतो. म्हणून गेन गाण्याच्या सगळ्यात चढ्या जागेवर बसवला आणि वर आणखी थोडा उतरवला. मिक्सरमधून येणाऱ्या चार आवाजांच्या बाबतीत दोन ठिकाणी क्लिप होऊ शकतं, म्हणजे आवाज फाटू शकतो: मिक्सरच्या प्रीॲम्पवर आणि इंटरफेसच्या लाइनवर. लाइनवर पातळी ठीक दिसली म्हणून मिक्सरही ठीक आहे असं नाही. त्याचा दिवा वेगळा बघावा लागतो.

हेडफोनचे दोन मिक्स बनवले, दोन्ही इंटरफेसच्या आतल्या मिक्सरमधून, म्हणजे संगणकाच्या विलंबाचा प्रश्नच नाही. ड्रमवादकाला इंटरफेसच्या स्वतःच्या हेडफोन जॅकवर बेस आणि क्लिक मोठे; बाकी चौघांना हेडफोन ॲम्पवर क्लिक नावापुरता. क्लिकचा तीक्ष्ण ‘टिक’ ड्रमवादकाच्या कानातून निसटून ओव्हरहेडमध्ये येतो, विशेषतः शेवटची झांज विरत असताना. त्यावर बंद कपांचे घट्ट हेडफोन, लाकडी ठोक्यासारखा बसका आवाज, आणि प्रोग्रॅममध्येच क्लिक शेवटच्या ठोक्याला थांबेल अशी सोय.

दोन गाणी क्लिकवर, दोन क्लिकशिवाय. क्लिकशिवायच्या गाण्यांआधी ड्रमवादकाने दोन आवर्तनं काठ्या वाजवून मोजली आणि ती मोजणी मुद्रणात ठेवली; नंतर डब करणाऱ्याला सुरुवात पकडायला ती लागते. प्रत्येक गाण्याचे तीन ते पाच टेक घेतले. आठ मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ६९ मेगाबाइट घेतात, तेव्हा काहीच पुसलं नाही.

दिवसाच्या शेवटी, किट न हलवता, माइक आणि गेन जसेच्या तसे ठेवून, सुटे ठोके मुद्रित केले. किक, स्नेअर, दोन्ही टॉम, प्रत्येकाचे हलक्यापासून जोरापर्यंत आठ-दहा ठोके, प्रत्येक ठोका पूर्ण विरेपर्यंत सगळे स्तब्ध. हे काम थकल्यावर टाळावंसं वाटतं.

डबिंगच्या आधी इंटरफेसचं एक आउटपुट तारेने त्याच्याच इनपुटला जोडून क्लिक फिरवला. परत आलेला क्लिक ८६ सॅम्पल, म्हणजे १.८ मिलिसेकंद उशिरा मुद्रित झाला होता. तेवढी दुरुस्ती प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये टाकली. गिटारचे कॅबिनेट, म्हणजे ॲम्पच्या स्पीकरच्या पेट्या, आता लहान खोलीत गेले आणि ॲम्प हेड (स्पीकर सोडून ॲम्पचा उरलेला भाग) मोठ्या खोलीत राहिलं, म्हणजे वादकाला मोठ्या खोलीतल्या मॉनिटर स्पीकरसमोर बसून आवाज ऐकता आला. हेड ते कॅबिनेट ही तार जाड स्पीकर केबलच हवी. गिटारची शील्ड तार तिथे लावली तर ती तापते, आणि व्हॉल्व्ह ॲम्पला स्पीकर नीट न मिळाल्यास त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. प्रत्येक गिटार दोनदा वाजवली, एक डावीकडे, एक उजवीकडे. गाणं मोठ्या कंडेन्सरवर, तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, गायकाच्या मागे जाड रजया टांगून.

निकाल

ड्रम्स आणि बेसचा एकत्र ठेका, ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो मिळाला. दोन गाण्यांत एक अख्खा टेक वापरता आला. उरलेल्या दोन गाण्यांत दोन-दोन टेक जोडले. जोडताना ड्रम्सचे पाचही ट्रॅक आणि बेस एकाच गटात बांधून कापले, किकच्या ठोक्याच्या किंचित आधी, ५ ते १० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने, म्हणजे एक आवाज उतरवत दुसरा चढवत. एकच ट्रॅक वेगळा कापला असता तर झांजेच्या शेपटीला ठेच लागली असती. एका ठिकाणी ती लागलीच: आधीच्या टेकमध्ये क्रॅश वाजली होती, पुढच्यात नव्हती, आणि जोडावर ती मध्येच तुटली. तिथे जोड एक आवर्तन पुढे न्यावा लागला.

कीबोर्डने एक तिढा निर्माण केला. क्लिकशिवायच्या एका गाण्यात नंतर ड्रमनुसार टेम्पो मॅप (कोणती मात्रा कधी पडते याचा नकाशा) बनवला. ऑडिओ जागेवर राहिला आणि मिडीच्या सगळ्या नोट सरकल्या, कारण तो ट्रॅक सेकंदांना न बांधता मात्रांना बांधलेला होता. मूळ टेम्पोवर परत जाऊन, ट्रॅक आधी वेळेला बांधून, मग मॅप पुन्हा बनवावा लागला.

पायलट गाण्याच्या ट्रॅकमधून एका गाण्याच्या शेवटची एक ओळ खरंच वापरली गेली. पण त्याच पायलट गाण्याने दुसरीकडे त्रास दिला. सगळ्यात संथ गाण्यात ड्रमवादक ब्रश वापरतो, ओव्हरहेडचा गेन त्यासाठी वर होता, आणि दारात उभ्या गायकाचा आवाज त्यात पुसटसा शिरला. अंतिम गाणं वेगळ्या जागी श्वास घेऊन गायलं गेल्यावर ही सावली ऐकू येऊ लागली. शेवटी गायकाने जुनी शब्दफेक ऐकून, तिच्यावर बेतून अंतिम गाणं पुन्हा गायलं. चाललं, पण गायकाचं स्वातंत्र्य गेलं.

रॅक टॉम पातळ राहिला. त्याला स्वतःचा माइक नव्हता आणि वरचा ओव्हरहेड त्याच्यापेक्षा झांजांनाच जास्त ऐकत होता. एका गाण्यात टॉमवर लांब फिल (ठेक्याच्या मध्ये भरलेला तुकडा) आहे. तिथे सुट्या ठोक्यांतून जोरानुसार ठोके निवडून मूळ ठोक्याखाली हाताने बसवले, प्रत्येकाची सुरुवात लाट मोठी करून सॅम्पलपर्यंत जुळवून. सुटे ठोके त्याच माइकवर, त्याच खोलीत घेतलेले असल्यामुळे परके वाटले नाहीत. ते घेतले नसते तर त्या फिलला दुसरा उपाय नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

लाइन ६ ची वाटणी चुकली. फ्लोअर टॉमच्या डोक्यावर १५ सेंटिमीटरवर एक कंडेन्सर आधीच होता. त्या मांडणीत फ्लोअर टॉम आपोआप भरपूर येतो. त्याला दिलेला एसएम५७ मिक्समध्ये जेमतेम वापरला गेला. तोच माइक रॅक टॉमवर लावला असता तर ठोके बसवण्याचं किचकट काम वाचलं असतं, आणि पायलट गाण्याच्या जागेवरून झालेला वादही उद्भवला नसता. दोन्ही टॉम एका ट्रॅकवर एकत्र करणं हाही पर्याय होता. तो फारसा चांगला नाही: दोन्हींचा समतोल गोठतो, आणि एक टॉम वाजत असताना दुसऱ्याच्या उघड्या माइकमधून झांजा शिरतात.

गायक दारात न उभा राहता लहान खोलीत दार लावून उभा राहायला हवा होता. नजरानजर हवी म्हणून तसं केलं नाही. पण संथ गाण्यात दार बंद करून, दिसण्यासाठी मोबाइलचा व्हिडिओ कॉल आवाज बंद ठेवून चालला असता. चित्र थोडं मागे पडतं, म्हणून त्यावरून समेची खूण घ्यायची नाही. शेवटाकडे वळायचा इशारा घ्यायला तेवढं पुरतं.

हाय-हॅटकडे वेळेवर लक्ष गेलं नाही. ड्रमवादक तो जोरात वाजवतो, आणि स्नेअरच्या माइकमध्ये हाय-हॅट इतका होता की स्नेअरची चमक वाढवायला ईक्यू लावलं की हाय-हॅट आधी वर यायचा. एसएम५७ ची पाठ हाय-हॅटकडे करून, हाय-हॅट ५ सेंटिमीटर वर आणि थोडा लांब सरकवला असता तर फरक पडला असता. वादकाला जागा बदललेली आवडत नाही, म्हणून हे टेकच्या दिवशी सांगून उपयोग नाही. तालमीपासूनच त्या जागेवर वाजवायची सवय करायला हवी.

बेस फक्त डीआयवर घेतला आणि नंतर ॲम्पमधून पुन्हा वाजवून माइकने घ्यायचा बेत होता. त्यासाठी रीॲम्प बॉक्स लागतो, कारण इंटरफेसचं लाइन आउटपुट बेसच्या पिकअपपेक्षा बरंच जोरकस आणि कमी इंपीडन्सचं असतं. बॉक्स मिळाला नाही, त्यामुळे बेस शेवटी संगणकातल्या प्लगइनमधून गेला. आउटपुट बरंच खाली उतरवून पॅसिव्ह डीआय बॉक्स उलटा वापरून पाहता आला असता. नीट बॉक्सइतकं ते काम देत नाही, पण तीन गाण्यांत बेसला जी खरखर हवी होती ती त्याने बहुधा दिली असती.

पुढच्या चार गाण्यांसाठी किटच्या पायांच्या, स्टँडच्या आणि ड्रमवादकाच्या स्टुलाच्या जागा जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने आखून ठेवल्या आहेत, मिक्सरच्या गेनच्या खुंट्यांचा फोटो काढलेला आहे, आणि इनपुटच्या कागदावर लाइन ६ समोर ‘फ्लोअर’ खोडून ‘रॅक’ लिहिलेलं आहे.